तांबी बसवल्यावर मी आंबट सोडलं

आधी आमच्या गावच्या आशाताईचं सांगते, मग माझं. आशा हे तिचं नाव नव्हे, कामाचं नाव. दवाखाना आणि गावातल्या बायका यांच्यामध्ये जी बाई उन्हातान्हात हिंडते, गोळ्या वाटते, बाळंतिणींना गाडीत घालून नेते, तिला सगळीकडे आशाताईच म्हणतात. आमची आशाताई बौद्धपुऱ्यात राहते. पन्नाशी उलटलेली, चालताना एक पाय किंचित ओढते, आणि कुणाच्याही ओसरीवर न विचारता बसते. तिचं खरं नाव मी लिहीत नाही. विचारलं तर म्हणाली, "माहं नाव नोको टाकू व. लोक म्हनतीन, बाई छापून आली, आता हिचा तोरा पाहा."

ती नसती तर मी पोटातली तांबी, म्हणजे मूल लांबवायला बसवलेली कॉपर-टी, घाबरून काढून टाकली असती आणि वर्षाच्या आत पुन्हा बाळंतपणाच्या खाटेवर गेले असते. तिथून दुसऱ्यांदा उठले असते की नाही, याचा मला आजही भरवसा नाही.

मी इथली नव्हे. माझं माहेर तळकोकणात, घरापासून समुद्र चालत जाण्याइतका. सातवी झाली आणि शाळा सुटली, कारण आई आजारी पडली आणि काजूच्या कारखान्यात घरातून एक बाई तरी जायला हवी होती. हायवे रुंद करण्याचं काम आमच्या बाजूला चाललं होतं तेव्हा माझे हे तिथे जेसीबी चालवायचे. आमच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहत. लग्न झालं आणि मी इकडे आले, शेलूबाजार आणि मंगरूळपीर यांच्या मधल्या एका गावात. काळी जमीन, तूर, सोयाबीन, आणि पाणी नळाला येईल तेव्हा. पहिले सहा महिने मला लोकांचं बोलणं अर्धं कळायचं आणि लोकांना माझं पाव. यांची मशीन आज एका जिल्ह्यात, उद्या दुसऱ्या. दोन महिन्यांतून एकदा घरी येतात. घरात सासूबाई, मी आणि लेक.

लेक झाली तेव्हा माझं रक्त थांबेना. मोठ्या दवाखान्यात नेलं, बाटल्या चढवल्या. शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टरीणबाई यांना सांगत होत्या, तीन वर्षं दुसऱ्या बाळाचं नाव काढू नका, हिच्या अंगात काही उरलेलं नाही. हे खाली मान घालून उभे होते. त्या दिवशी आम्ही दोघांनी तांबी बसवायचं ठरवलं. लेक चार महिन्यांची झाली, पाळी परत सुरू झाली, तेव्हा आशाताईबरोबर तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन बसवून आले.

बसवताना फार काही झालं नाही. एक कळ आली आणि गेली. सिस्टर म्हणाल्या, पहिले काही महिने अंगावरून जास्त जाईल, पोटात दुखेल, घाबरू नको, काही वाटलं तर ये. मी मान हलवली. आशाताईने लोहाच्या गोळ्या दिल्या, लिंबूपाण्यासोबत घे म्हणाली. मी तेव्हाही मान हलवली. मान हलवणं मला लहानपणापासून जमतं. विचारणं जमत नाही. शाळेतही गुरुजींनी "समजलं का?" म्हटलं की सगळ्यात आधी माझीच मान हलायची.

लिंबाचं ऐकून मला माहेरचा हंडा आठवला होता, ते मी कुणाला सांगितलं नाही.

माहेरी न्हाणीघरात तांब्याचा मोठा हंडा होता. तो घासायचं काम माझं. कढीसाठी भिजवलेल्या सोलांचा, म्हणजे आमसुलांचा चोथा उरला की आई तो फेकू द्यायची नाही. त्याने हंडा घासायचा. काळ्याकुट्ट हंड्यावर चोथा फिरवला की खालून काळं पाणी ओघळायचं आणि आतलं गुलाबी तांबं उघडं पडायचं. हाताला वास राहायचा, बोटं लाल व्हायची. आई सांगायची, "आंबट तांब्याक खाता." ताक, चिंच, कढी कधी तांब्याच्या भांड्यात ठेवायची नाही, कळकतं, खाल्लं तर ओकारी होते. हे कुणी शिकवावं लागत नाही. आमच्याकडे पोर भांडी घासायला बसलं की त्याला हे कळतंच.

आणि आता तांबं माझ्या पोटात होतं.

मी कुणाला विचारलं नाही. माझ्या मनाने सगळं जुळवलं आणि आंबट सोडलं. लिंबू सोडलं, चिंच सोडली, दही-ताक सोडलं. इकडे अंबाडीची भाजी करतात, आंबटसर, भाकरीबरोबर फार छान लागते. ती ताटात आली की मी कडेला सारायची. आईने माहेरून सोलांची पुडी पाठवली होती, ती खुंटीला टांगून ठेवली. फोनवर आई विचारायची, "सोलां पोचली मां गो? कढी करतंस मां?" मी म्हणायची, करते. ती पुडी म्हणजे या गावात माझ्या घरची एकच वस्तू होती. मी नुसती वास घेऊन परत टांगायची.

लोहाची गोळी चहाबरोबर घ्यायची. सकाळी चहा होतोच, त्यासोबत गिळली की विसरायला होत नाही, असा माझा हिशेब. गोळ्यांनी शौचाला काळं होऊ लागलं. मला वाटलं, तांब्याचंच काळं उतरतंय. हंड्यावरून ओघळायचं तसं. म्हणजे कुठूनतरी आंबट पोटात जातंय! मग मी टोमॅटोसुद्धा सोडला.

पहिल्या महिन्यात आठ दिवस रक्त गेलं. दुसऱ्या महिन्यात अकरा. मधल्या दिवसांतही कधी डाग पडायचा. पोटात खालच्या बाजूला कुणी ओलं फडकं पिळावं तसं व्हायचं. पण दुखण्यापेक्षा मला भीती होती ती मोजदादीची. आमच्या सासरी पाळीत बाई बाहेर बसते. ओसरीच्या कोपऱ्यात वेगळं अंथरूण, वेगळा तांब्या. चूल, देव, पाण्याचं भांडं, कशालाही हात नाही. पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हायचं आणि घरात यायचं. मी पाचव्या दिवशी न्हायची, चुलीपाशी बसायची, आणि सहाव्या दिवशी पुन्हा लाल. पुन्हा ओसरी. पुन्हा न्हाणं. एका महिन्यात चार वेळा न्हाले मी. सासूबाईंचे गुडघे गेलेले. नळ आला की टाक्या त्यांनी भरायच्या, भाकरी त्यांनी थापायच्या, लेकीला दूध पाजायला तेवढं माझ्याकडे आणून द्यायचं.

शेजारीण आली की त्या आतून ओरडून सांगायच्या, "माही सून तं महिन्याचे बारा दिवस पाहुनी हाये व! म्या सासू नाई, मोलकरीन हाये!"

शेजारीण म्हणायची, "बरं हाये बापा. आमाले तं पाच दिवसबी जास्त वाटते."

"तुह्या सुनेच्या पोटात तांबी नाई. हिच्या पोटात टाकसाळ हाये!"

त्या हसायच्या. त्यांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. दमलेली बाई दुसरं काय करणार? पण मी कोपऱ्यात बसून लेकीच्या डोक्यावरून हात फिरवायची आणि मनात म्हणायची, मी मेले तर हिला कोण पाजेल.

चैत्राच्या आसपासची गोष्ट. मी लेकीला घेऊन ओसरीवरून उठले आणि डोळ्यांपुढे अंधार आला. एवढंच आठवतं की लेक हातातून निसटत होती. मी खाली बसले, बसले म्हणजे कोसळलेच, पण ती माझ्या मांडीत पडली. जमिनीवर नाही. सासूबाई धावत आल्या, आधी नातीला उचललं, मग माझ्या तोंडावर पाणी मारलं. पाणी मारताना मी बाहेरची आहे हे त्या विसरल्या होत्या.

"आता बस झालं," त्या म्हणाल्या. "सोमवारी जाय अन् ते काढून टाक. उद्या पोट्टी पडन तुह्या हातातून. एक पोरगं होऊन जाऊ दे लवकर, मंग ऑपरेशन कर, मोकळी हो."

यांना फोन केला. मागे मशीनचा आवाज होता. हे म्हणाले, "तुले जमत नसन तं काढून टाक. आई म्हनते तसं कर. पुढचं पुढं पाहू." हे पंधरा दिवसांनी घरी येणार होते. पुढचं काय ते मला दिसत होतं. डॉक्टरीणबाईंचे शब्दही आठवत होते. काढली तर ती खाट, ठेवली तर हे असं आटत जाणं. मी दोन्हींच्या मध्ये बसले होते.

सोमवारी सकाळी आशाताई मला न्यायला आली. मी अजून ओसरीच्या कोपऱ्यात होते. ती सरळ येऊन माझ्या अंथरुणावर बसली, मांडीला मांडी लावून. सासूबाईंनी पाहिलं आणि सूप घेऊन आत गेल्या. तिच्या पिशवीत रजिस्टर, गोळ्यांची पाकिटं आणि दोन कैऱ्या होत्या. एक कैरी तिने उंबऱ्याच्या दगडावर आपटून फोडली, मीठ लावलं, एक फोड तोंडात टाकली आणि दुसरी माझ्यापुढे धरली.

"घे. गाडीत मळमळत नाई मंग."

मी हात मागे घेतला.

"काहून व? लाजतं काय? डोहाळेच लागाले पाहिजे काय कैरी खाले?"

"मला चालत नाही ताई. तांबी आहे ना."

"मंग?"

"आंबटाने तांबं झिजतं."

तिचं चावणं थांबलं. मला वाटलं आता हसेल. ती हसली नाही. तिने कैरी खाली ठेवली, हात पदराला पुसले.

"हे कोनं सांगतलं तुले?"

"कुणी नाही. मला माहीत होतं."

"कधीपासून नाई खाल्लं?"

"बसवली तेव्हापासून."

"लिंबूबी नाई?"

"नाही."

"मंग माह्या गोळ्या कायच्यासंग घेतं?"

"चहासोबत."

तिने कपाळाला हात लावला. मग एकेक विचारत गेली आणि मी सांगत गेले, हंड्याचं, काळ्या पाण्याचं, काळ्या शौचाचं, टोमॅटोचंसुद्धा. आतून सासूबाईंच्या सुपाचा आवाज थांबला होता. त्या ऐकत होत्या.

"पाह्य पोरी," आशाताई म्हणाली, "त्या गोळीनं सगळ्याईलेच काळं होते. अन् ते गोळी चहासंग अंगाले लागत नाई, लिंबासंग लागते. म्हनजे तू तीन महिने गोळ्या खाल्ल्या अन् वाहून टाकल्या. वरून दही नाई, भाजी नाई, काईच नाई. मंग घेरी नाई येईन तं काय?" मग रजिस्टर उघडून म्हणाली, "चुकी माहीबी हाये. म्या लिंबू सांगतलं, तू मान हालवली, म्या रजिस्टरात लिवलं अन् गेली. काहून घेत नाई, ते इचारलंच नाई."

आयुष्यात माझ्यापुढे कुणी मोठ्या माणसाने असं म्हटलं नव्हतं. मला रडू आलं. तिने मला रडू दिलं आणि तेवढ्यात राहिलेली कैरी स्वतः खाऊन टाकली.

काळीपिवळीतून, म्हणजे भाड्याच्या जीपमधून, आम्ही मंगरूळपीरला गेलो. लेक तिच्या मांडीवर. गाडीत एकीने विचारलं, "नात का बाई?" ती म्हणाली, "हाव. माहीच हाये." दवाखान्यात आधी बोटातून रक्त काढलं. हिमोग्लोबिन आठ निघालं. मग सिस्टरनी आत घेतलं, तपासलं, आणि म्हणाल्या, धागा जागेवर आहे, तांबी जागेवर आहे, सूज नाही, जखम नाही. आशाताईने बाहेरूनच आवाज दिला, "सिस्टर, तिले तो आंबटाचा घोर समजावून सांगा बरं! माह्यानं पटत नाई तिले."

सिस्टरनी केसपेपरच्या मागे चित्र काढलं. तोंडापासून खाली एक नळी, तिला पिशवी, पुढे गुंडाळलेली आतडी. मग त्याच्या पुढच्या बाजूला एक वेगळी छोटी पिशवी, उलट्या पेरूसारखी, तिच्यात तांबी. "जेवण इकडून जातं," त्या म्हणाल्या. "या घराचं त्या घरात दारच नाही. तू लिंबू खा, चिंच खा, नुसती कैरी खाऊन राहा, तांबीला कळतसुद्धा नाही." मी त्या चित्राकडे बराच वेळ बघत होते. एवढं सोपं होतं. तीन महिने मी उगाच खुंटीला टांगलेल्या पुडीचा वास घेत होते.

मग मी विचारलं. आवाज इतका बारीक निघाला की सिस्टरनी पुन्हा सांगायला लावलं. "आणि काढायचीच असेल तर?"

"तर आत्ता काढते. पाच मिनिटांचं काम. तुझं अंग, तुझी मर्जी." त्या हातमोजे काढता काढता बोलत होत्या. "ठेवायची असेल तर रक्त कमी जायच्या आणि दुखण्याच्या गोळ्या मॅडम देतील, फक्त त्या दिवसांत घ्यायच्या, जेवून घ्यायच्या. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर, चहा त्यानंतर दीड-दोन तासांनी. बहुतेक बायकांचं काही महिन्यांत कमी होतं. नाही झालं तर काढू, दुसरं काहीतरी बघू. मोकळं सोडणार नाही तुला. पण ताप आला, पोटात फार दुखलं, घाण वास आला, पाळी चुकली किंवा धागा हाताला लागेनासा झाला, तर वाट बघायची नाही. त्याच दिवशी यायचं. कळलं?"

मी मान हलवणार होते. त्याऐवजी म्हणाले, "पुन्हा एकदा सांगा." त्यांनी पुन्हा सांगितलं, मी बोटांवर मोजलं.

बाहेर येऊन आशाताईजवळ बाकावर बसले. ती ठेव म्हणाली नाही, काढ म्हणाली नाही. लेकीला डोळा मारून खेळवत होती. मी म्हणाले, "ताई, तीन महिने ठेवून बघते." ती म्हणाली, "बरं." आणि उठली.

खरी गोष्ट पुढे घरी होती. सासूबाई तूरडाळ पाखडत बसल्या होत्या. "काढली?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"नाही काढली," मी म्हणाले. "रक्त वाढेपर्यंत मला दुसरं मूल नको."

सुपातली डाळ थांबली. आशाताई जोत्यावर टेकली. "काकू, रागावू नोका. तिची तांबी बरोबर हाये. अन्न पोटात जाऊन राह्यलं नव्हतं, म्हनून पडली ते."

"अन् बारा दिवस बाहेर? माहे गुडघे पाहाले कोन हाये?"

"तेच बोलाले आली. काकू, बाळंतपणात टाके पडतात, त्यातून रक्त येते. तो इटाळ व्हय का जखम?"

सासूबाईंनी विचार केला. "जखम."

"मंग पाच दिवसांच्या पुढचं हे तांबीचं हाये. दवाखान्याचं. पाळी पाच दिवसांची, ते तुमी पाळा. पुढचं जखमेत धरा."

"देवाले चालन काय?"

"आमच्याकडं तं हे बसनंच नाई, म्या काय सांगू? तुमचा देव, तुमीच इचारा."

सासूबाईंनी डाळीतले दोन खडे वेचून बाजूला टाकले. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पाच दिवस देवाचे. पुढचे तुह्या दवाखान्याचे. पन देव्हाऱ्याले हात नाई लावाचा, सांगून ठेवतो." सूप पुन्हा हातात घेत म्हणाल्या, "काय खात नवती ते? अंबाडी? म्या म्हनलं कोकनातली हाये, आमचं खानं आवडत नसन हिले." त्या संध्याकाळी त्यांनी अंबाडीची भाजी केली. मी दोनदा घेतली. दुसऱ्या दिवशी मी पुडी खाली काढून कढी केली. त्यांनी एक घोट घेऊन "हे काय लाल पानी व" म्हणून वाटी सारली, पण भाताबरोबर मी ओरपत होते ते बघत बसल्या.

हे घरी आले तेव्हा मीच त्यांना सगळं सांगितलं. चित्रही दाखवलं. हे म्हणाले, "मले वाटलं तूच कंटाळली. मले आधी काहून नाई सांगतलं?" मी त्यांच्यापुढे कढीची वाटी ठेवली.

लगेच बरं झालं असं नाही. पुढच्या महिन्यात नऊ दिवस गेले आणि मी रडले. आशाताई आली, माझी खालची पापणी ओढून रंग बघितला, म्हणाली, "लाल होऊन राह्यलं. थांब." त्याच्या पुढे सात, मग सहा. तीन महिन्यांनी रक्त दहाच्या वर गेलं. आता दुखतं, पण पहिल्या दिवशी, आणि गोळीने थांबतं. भीती मात्र पुरती गेली नाही. धागा महिन्यातून एकदा, पाळी झाल्यावर बघायचा, तर मी आठवड्याला बघायची. आशाताई म्हणाली, "तो काय पळून जाते काय व? दुसरं काम नाई तुले?" मी कमी केलं, बंद नाही केलं. लेक आता चालते. दुसऱ्याचं नाव घरात निघतं, पण वर्षं मोजून निघतं.

अलीकडे गोळ्यांचं पाकीट आशाताई हात लांब करून बघते, मग माझ्याकडे देते. "वाच व, तारीख कधी संपते ते." तिच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. ऑपरेशन कर म्हणून सिस्टर मागे लागल्या आहेत. ती म्हणते, "पंधरा दिवस घरात बसली तं गावाच्या पोट्ट्याईचं कोन पाहीन?" घरी ती एकटीच, मुलगा पुण्याकडे कामाला.

मी तिला अजून बोलले नाही, इथे लिहून ठेवते. तिला ऑपरेशनची जी तारीख मिळेल त्या दिवशी काळीपिवळीत तिच्या शेजारी मी बसेन. आत नेतील तेव्हा बाहेरच्या बाकावर मी असेन. नंतरचे पंधरा दिवस तिच्या घरी पाणी भरायला आणि भाकरी टाकायला मी जाईन, डोळ्यात थेंब मी टाकीन, आणि रजिस्टर घेऊन घरोघर फिरून कुणाची गोळी संपली, कुणाला काय होतंय, ते विचारून, सगळं ऐकून येऊन तिला वाचून दाखवीन. सासूबाईंना काय सांगायचं ते मी बघेन. हे मला तिला परत द्यायचं आहे, आणि मी देणार आहे.